राहिलेलं अर्धं वाक्य

सोमवारी सकाळी आमिलियुसच्या बसथांब्यावर एका मुलीनं जोझेट वायडर्टच्या हातात पिवळं पत्रक दिलं. घडी घालून पर्समध्ये टाकता टाकता जोझेटनं त्यावर स्वतःचंच वाक्य वाचलं. वर मोठ्या अक्षरांत 'नाही' असं छापलं होतं. खाली अवतरणात: 'हा करार म्हणजे पंचवीस शिंप्यांनी मिळून शिवलेला कोट आहे. तो कुणाच्याच अंगाला बसत नाही.' आणि त्याच्याही खाली, बारीक टाइपात: 'कराराची ओळन् ओळ वाचलेल्या एका जाणकाराचे मत.' बस आली, दारं उघडली, मिटली, बस गेली. जोझेट तशीच उभी. तिला आधी नुसतं विचित्र वाटलं. अनोळखी माणसाच्या अंगावर अचानक आपला ब्लाउज दिसावा तसं. मग कानाच्या पाळ्या गरम झाल्या. वाक्य तिचंच होतं, यात शंकाच नव्हती. शिंपी तिचे होते, कोट तिचा होता. हे ती जगात एकाच ठिकाणी बोलली होती, बोनव्वा भागातल्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, आणि ऐकणारा एकच होता. तिचा मुलगा जिल.

पुढच्या बसमध्ये तिला खिडकीजवळ जागा मिळाली. लाल पुलाखाली दरी होती, दरीत कुणाच्या तरी परसातल्या दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी वाळत होत्या. रविवारी मतदान होतं. पंचवीस देशांनी मिळून लिहिलेला युरोपच्या राज्यघटनेचा करार हवा की नको, एवढाच प्रश्न. महिनाभरापूर्वी आधी फ्रेंचांनी आणि मग तीनच दिवसांत डच लोकांनी 'नको' म्हणून सांगितलं होतं, आणि आता फ्रान्स आणि जर्मनीच्या मधल्या या एवढ्याशा देशाकडे सगळे वळून बघत होते. पंतप्रधान म्हणाले होते, तुम्ही नको म्हणालात तर मी घरी जातो. जोझेटला त्या धमकीचा रागच आला होता. पण करार तिला पाठ होता. किर्शबर्गच्या टेकडीवरच्या एका युरोपीय कचेरीत ती तीस वर्षं एकच काम करत आली होती: एकच कायदा सगळ्या भाषांत एकच बोलतो ना, हे तपासायचं. इकडे 'शकेल' आणि तिकडे 'पाहिजे' झालं, की उद्या कुठल्या तरी न्यायालयात कुणाचा तरी गळा आवळला जाणार. या करारातल्या चारशे अठ्ठेचाळीस कलमांवरून तिची पेन्सिल फिरली होती. कुठे दोन देशांच्या भांडणावर माती लोटून वर वाक्य अंथरलंय, कुठे एक क्रियापद मुद्दाम धूसर ठेवलंय, हे तिला आपल्या तोंडातल्या किडक्या दातांसारखं ठाऊक होतं. बोलता बोलता जीभ तिथंच जायची.

जानेवारीतली ती संध्याकाळ तिनं आठवून पाहिली. जिल आला होता, ओला मफलर खुर्चीवर टाकून. एशच्या शाळेत तो इतिहास शिकवतो. त्याच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे बाप एके काळी पोलादाच्या भट्टीवर होते आणि आता कुठेच नव्हते. त्यानं विचारलं होतं, आई, खरं सांग, तू तो करार वाचलायस. चांगला आहे का? ती दमली होती. दिवसभर एका स्वल्पविरामावरून पाच देशांच्या माणसांशी घासाघीस करून आली होती. आणि तिनं ते शिंप्यांचं वाक्य टाकलं. जिल खदखदून हसला होता. कितीतरी महिन्यांनी तो तिच्या बोलण्यावर हसला, याचं तिला बरं वाटलं होतं, हेही तिला आता आठवलं. पण वाक्य तिथं संपत नव्हतं. पुढे होतं: पण म्हणून भर थंडीत कुणी उघडं बाहेर पडत नाही. नक्की होतं. पत्रकवाल्यांनी बरोबर मधोमध कात्री चालवली होती.

कचेरीत पोचल्यावर पर्स न ठेवताच तिनं कॉरिडॉरमधल्या फोनवरून त्याला गाठलं.

"जिल, ते वाक्य माझं आहे."

"कुठलं?"

"नाटकं करू नकोस."

पलीकडे शाळेची घंटा वाजली, मग दार लावल्याचा आवाज. "आई, नाव टाकलेलं नाही कुणी. इतकं चांगलं वाक्य होतं, मला राहवलं नाही."

"इथं चाळीस लोकांना माझी बोलायची पद्धत ठाऊक आहे. आणि छापायचं तर पुरतं तरी छापायचं होतंस! अर्धंच छापलंत."

"अर्धं? तू तेवढंच म्हणालीस."

"मी पुढे म्हणाले, की भर थंडीत—"

"नाही म्हणालीस." त्याच्या आवाजात भांडण नव्हतं, आणि तेच तिला लागलं. "तू थांबलीस. शेंगांचं सूप उतू गेलं, तू उठलीस, शेगडी पुसलीस. परत येऊन बसलीस ती आजोबांच्या मळ्यावर बोलायला लागलीस. पुढचं काय होतं?"

तिनं फोन ठेवला.

दिवसभर समोरचा कागद तिला दिसत होता, पण वाचता येत नव्हता. जिल खोटं बोलत नाही, ही त्याची लहानपणापासूनची खोड. मग ते पुढचं अर्धं ती बोलली होती, की नुसतं मनात म्हणून शेगडी पुसत राहिली होती? तिला सुपाचा जळका वास आठवत होता, फडक्याचा ओलेपणा आठवत होता. ते शब्द ओठांवर आल्याचं मात्र कुठेच सापडेना. आणि मग तिच्या मनात आलं, हे काय पहिल्यांदाच झालं? करारातली खोट काढली की लोक तिला हुशार म्हणायचे. जेवणाच्या टेबलावर, बहिणीकडच्या बारशाला, सगळीकडे तिनं पहिलं अर्धंच तर वाटलं होतं. दुसरं अर्धं सांगताना माणूस थोडा भोळा दिसतो. तिला भोळं दिसायचं नव्हतं. नवऱ्याशीही, तो होता तेव्हा, तिचं असंच व्हायचं. त्याच्या चुका ती त्याला मोजून मोजून सांगायची. त्याच्याशिवाय घर कसं लागतं हे सांगायचं राहिलं, आणि एके दिवशी तो सीमेपलीकडं नामूरला निघून गेला.

संध्याकाळी जिन्यात इदालिना भेटली. खालच्या मजल्यावर राहणारी, पोर्तुगालच्या डोंगराळ भागातून तेहतीस वर्षांपूर्वी आलेली, पहाटे किर्शबर्गवरची ऑफिसं झाडणारी इदालिना. तिच्या हातातही ते पिवळं पत्रक होतं.

"मादाम, मला पण दिलं त्या पोरीनं. म्हटलं, बाई गं, मला मत नाही. तर म्हणते, वाचा तरी. वाचलं. कोटाचं बरं लिहिलंय हो."

"ते मी म्हटलं होतं, इदालिना."

इदालिनानं पत्रकाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "अगंबाई. म्हणजे तुम्ही 'नाही' टाकणार?"

"मी 'हो' टाकणार आहे."

"मग हे कशाला बोललात?"

प्रश्न इतका सरळ होता की जोझेट पायरीवर बसलीच. इदालिना शेजारी बसली. तिच्या हातांना साबणाचा वास येत होता. उद्या संध्याकाळी चर्चच्या सभागृहात दोन्ही बाजूंची सभा होती, जिल व्यासपीठावर असणार होता. जाऊ नये असं जोझेट ठरवत होती. कचेरीचा नियम होता, चालू राजकारणावर जाहीर बोलायचं नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. आणि सभेत उठून पोटच्या पोराला खोडायचं? तिनं हे सगळं इदालिनाला सांगून टाकलं.

"मी येते तुमच्याबरोबर," इदालिना म्हणाली. "मत नाही तर नाही, कान तर आहेत! तुम्हा लोकांना बाई मत द्यायची सक्ती, नाही दिलं तर दंड, तरी कुरकुर. मला द्या तो दंड, मी जाते तुमच्या जागी."

सभागृहात सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. उकडत होतं, खिडक्या उघडल्या की रस्त्यावरची वाहनं आत यायची आणि लावल्या की माणसांचा वास दाटायचा. 'हो' म्हणणारा कुणी आमदार आधी बोलला. राखाडी सूट, गुळगुळीत दाढी. करार असा, करार तसा, इतिहासातलं सोनेरी पान. जोझेटला त्याची जिलपेक्षा जास्त चीड आली. यानं दहा कलमं तरी वाचली असतील का? आपली बाजू अशा माणसाच्या तोंडी ऐकली की तिला नेहमी पलीकडे जाऊन बसावंसं वाटायचं. आणि बहुधा ती आयुष्यभर तेच करत आली होती. मग जिल उठला. बाह्या वर दुमडलेल्या, बापासारखाच एक खांदा किंचित खाली. तो चांगला बोलला. बाजाराला यात वीस पानं आणि कामगाराला कशाबशा चार ओळी, असं म्हणाला. एकदा बांधलं की वीटसुद्धा हलवता येणार नाही, सगळ्या देशांनी एकमतानं हात वर केल्याशिवाय, असं म्हणाला. माझ्या वर्गातल्या पोरांना हे मी कुठल्या तोंडानं शिकवू, असं म्हणाला. खोटं काहीच नव्हतं. शेवटी त्यानं पत्रक उचललं, शिंप्यांचं वाक्य वाचलं, आणि सभागृह हसलं. वाचताना त्याची नजर रांगांवरून फिरली, तिच्यावर आली आणि अडकली.

ती उभी राहिली तेव्हा तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. गुडघ्यांनी परस्पर ठरवलं होतं.

"ते वाक्य माझं आहे," ती म्हणाली.

"ऐकू येत नाही!" मागून कुणी ओरडलं. "आणि बाई, तुम्ही कोण?"

"मी त्याची आई."

हशा असा उसळला की आमदारही हसला. जिल कानापर्यंत लाल झाला. पण तो माईक घेऊन खाली उतरला, गर्दीतून वाट काढत आला आणि तो तिच्या हातात दिला. त्याची बोटं गार होती.

"मी हा करार ओळीनं वाचलाय," ती म्हणाली. स्वतःचा मोठा झालेला आवाज छतावरून परत येत होता. "माझ्या मुलाच्या हरकती खऱ्या आहेत. त्यातल्या निम्म्या मीच त्याला शिकवल्यात. हे माझ्या आधी जे साहेब बोलले त्यांनीही ऐकून ठेवावं. कोट कुणालाच नीट बसत नाही. बाह्या लांब आहेत, खिसे चुकीच्या जागी आहेत. पण माझं वाक्य तिथं संपत नव्हतं. म्हणजे मी तिथंच थांबवलं, चूक माझीच. पुढचं मी आज म्हणते. म्हणून भर थंडीत कुणी उघडं बाहेर पडत नाही."

"मग फाटका घालायचा?" मघाचाच आवाज.

"फाटका नाही, बेंगरूळ," ती म्हणाली, आणि लोक पुन्हा हसले, पण या वेळी निराळं. "ऐका. अंगाला चपखल बसणारा कायदा मी पाहिलाय. तो एकट्या माणसानं लिहिलेला असतो आणि त्या एकट्यालाच बसतो. आमच्या वडिलांच्या तरुणपणी असा एक फौज घेऊन इथं येऊन गेला. पंचवीस जणांनी लिहिलं की बेढबच होणार. मी तीस वर्षं त्या खोलीत बसलेय. तिथं कुणीच खूश होऊन उठत नाही. पण सगळे दुसऱ्या दिवशी परत येतात. मला तेवढं पुरतं. दुरुस्त करायला टेबलावर काहीतरी असावं लागतं. मी 'हो' टाकणार."

ती खाली बसली. टाळ्या थोड्या झाल्या, कुणी शिटीही मारली. तिला काही ऐकू आलं नाही, फक्त इदालिनाचा खरखरीत हात आपल्या मनगटावर असल्याचं जाणवलं. परतताना इदालिना म्हणाली, "छान बोललात, पण तोंड कसं पांढरं पडलं होतं! मी तर म्हटलं, पडते आता ही." आणि मग कोपऱ्यावर, सिग्नलला थांबल्यावर, जणू काही आठवलं म्हणून सांगावं तसं तिनं सांगितलं की बाहत्तर साली ती आणि नवरा डोंगरातून पायी फ्रान्समध्ये शिरले होते, तीन रात्री, तिच्या पोटात थोरली होती. "आता भाचा येतो विमानानं. झोपून येतो मेला! विचारलं तर म्हणतो, मावशी, सीमा कुठं होती?" सिग्नल हिरवा झाला.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख बाईंनी बोलावलं. त्या डेन्मार्कच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. "नियमानं मला तुम्हाला ताकीद द्यायला हवी," त्या म्हणाल्या. "दिली. बसा, कॉफी घेणार?" एवढ्यावर ते मिटलं. आपण दोन दिवस श्वास पोटात धरून हिंडत होतो हे जोझेटला त्या कॉफीच्या पहिल्या घोटाला कळलं. शेजारच्या खोलीतून हेल्वेचा आवाज येत होता. हेल्वे एस्टोनियाची, पन्नाशीची, तिचा देश या पंचवीसांत आला त्या वर्षी इथं रुजू झालेली. पहिल्याच आठवड्यात तिच्या भाषेतला मसुदा छापून आला, तेव्हा तिनं दार लोटून घेतलं होतं आणि एक अत्यंत रुक्ष कलम, मासेमारीचं की कशाचं, मोठ्यानं वाचलं होतं. जोझेट फाइल मागायला गेली तर म्हणाली, "जोझेट, भाषांतर वाईट झालंय. फार वाईट. पण मी लहान असताना कायदा वरून यायचा, तयार. हा मला नीट करायला दिलाय." आणि डोळे पुसून पेन्सिल उचलली होती. हे सभेत सांगायला हवं होतं. बरं झालं नाही सांगितलं. ते हेल्वेचं होतं.

रविवारी आकाश स्वच्छ होतं. शाळेतलं मतदान केंद्र, लहान मुलांच्या चित्रांखाली लावलेलं टेबल, आणि पडद्याआड तिच्या एकटीसमोर कागदावर दोन वर्तुळं. तिला वाटलं होतं इथं काहीतरी मोठं आठवेल. आठवला बाप. मोझेलकाठी एनेनला त्याचा द्राक्षमळा होता, नदीपलीकडं जर्मनी, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. त्याच्या धाकट्या भावाला जर्मनांनी बळजबरीनं आपल्या फौजेत घालून पूर्वेला धाडलं, तो परत आला नाही. त्यानंतर बाप चाळीस वर्षं पूल ओलांडून गेला नाही. लग्नाला नाही, मर्तिकाला नाही. आणि मग एका सप्टेंबरात, ऐन तोडणीच्या वेळी, दाबयंत्राची रबरी चकती फाटली. तो उठला, टोपी घातली, आणि पूल ओलांडून पलीकडच्या दुकानातून चकती घेऊन आला. आई स्तब्ध उभी. जोझेट तेव्हा सुट्टीवर आलेली, तिला वाटलं आता बाबा काही बोलतील. तो म्हणाला, "तिकडं स्वस्त मिळते." बस्स, एवढंच. त्यात क्षमा नव्हती, सलोखा नव्हता, मान उंच करावी असं काही नव्हतं. पण पुढच्या वर्षी तो पुन्हा गेला. त्याच्या पुढच्या वर्षी पलीकडचा दुकानदार चकती घेऊन स्वतःच आला, आणि ओसरीत बसून दोघांनी वाईनच्या भावावरून भांडण केलं. जोझेटनं वर्तुळात खूण केली.  बाहेर पडताना तिला भूक लागली, कडकडून, सोमवारपासून पहिल्यांदाच.

दुपारी रेडिओवर आकडे येऊ लागले. दक्षिणेकडच्या काही पोलादाच्या गावांत 'नाही', तिकडे 'हो', पुन्हा 'नाही'. ती वालाचे दाणे सोलत बसली होती, मांस मंद आचेवर शिजत होतं. देशाचा आकडा आला तेव्हा तिच्या हातात एक शेंग तशीच राहिली. शंभरातले छप्पन्न आणि वर थोडे, 'हो'. तिनं डोळे मिटले. आनंद म्हणावा असं ते नव्हतं. कुणीतरी पाठीवरचं दप्तर अलगद काढून घ्यावं तसं झालं. खांदे आपोआप खाली आले, आणि तिला कळलं ते किती वर आले होते. खालून इदालिनानं झाडूच्या दांड्यानं छतावर तीनदा ठोकलं.

जिल पाचच्या सुमाराला आला. हातात राइसलिंग वाईनची बाटली. दारातच म्हणाला, "अभिनंदन. रद्द झालेली मॅच जिंकलात तुम्ही. फ्रेंच आणि डच नाही म्हणाले तिथंच तो करार मेलाय."

"असेल," ती म्हणाली. "बूट काढ, आताच पुसलंय."

ते जेवायला बसले. जिलनं पाव मोडला. मग ताटाकडेच बघत म्हणाला, "मी तुला विचारायला हवं होतं, छापण्याआधी."

"हो, हवं होतं."

"आणि मी 'नाही'च टाकलं."

"माहीत आहे रे."

"पण आकडा ऐकला ना..." त्यानं काटा खाली ठेवला. "आम्ही सगळे एकत्र बसलो होतो. सगळ्यांचे चेहरे पडले. मी पण पाडला. आणि आतून सुटल्यासारखं वाटलं. हे काय आहे, आई?"

तिला हसू आलं, पण ती हसली नाही. त्याचा चेहरा आठ वर्षांच्या मुलाचा झाला होता, ताप उतरताना होई तसा. "मला नाही माहीत," ती म्हणाली, आणि ते खरं होतं. "घे अजून."

त्यानं वाढून घेतलं. मग पिशवीतून सरकारनं घरोघर वाटलेली कराराची प्रत काढली, कोपरे दुमडलेली, पेन्सिलीनं बरबटलेली, आणि ताट सरकवून मधे ठेवली. खिडकीतून उतरतं ऊन थेट पानावर पडलं.

"हे बघ. हे दुरुस्तीचं कलम. समजा पुढे कधी यांनी पुन्हा लिहायला घेतलं. इथं एकमताऐवजी दोनतृतीयांश का नाही करत?"

"केलं तर उद्या मोठे तिघे मिळून आपल्यासारख्या छोट्यांना गिळतील."

"मग तीनचतुर्थांश."

"तू चुकतोयस, जिल."

"कुठं चुकतोय? दाखव ना."

तिनं चष्मा लावला. त्यानं खुर्ची ओढून तिच्या बाजूला घेतली.